निल रिटर्न

जुलै ते जानेवारी माझ्या दुकानातला
एक पत्राही हलत नाही.
सक्करदऱ्याच्या चौकात मी बसून असतो
कूलरच्या रिकाम्या टबांच्या उतरंडीखाली.
तरी वीस तारखेच्या आत भरावंच लागते:
विक्री शून्य, खरेदी शून्य, देणं शून्य.
नाही भरलं तर दिवसाला वीस रुपये दंड.
सरकारला माझं शून्यही
लिहून पाहिजे असते.

त्याच दिवसांत ती येते, स्कूटीवर,
हेल्मेट न काढताच विचारते,
'हेडाऊजी, जुने टब आहेत का?'
डॉक्टर प्रणोती खोब्रागडे.
सुई टोचणारी नव्हे, डासांची डॉक्टर.
टबाच्या आत जिथं पाण्याची रेघ सुकते,
बोअरचं खारं पाणी पांढरी खपली धरते,
तिथं ती चाकू लावते,
दुधाच्या गंजाची खरवड काढावी तशी.
कुपीत भरते. कुपीवर नंबर टाकते.
तिला पाहायचं आहे,
डासाची अंडी त्या खपलीत
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झोपून राहतात का.

चार वर्षं. तीनशे बारा टब.
नंदनवन, महाल, पाचपावली, जरीपटका,
लोकांच्या गच्च्यांवर चढून.

परवा मी विचारलंच, 'मॅडम, काय सापडलं?'
'काहीच नाही.'
'म्हणजे?'
'खपलीत अंडी नाहीत. एकाही टबात नाहीत.'

माझं डोकं सटकलं.
'काहून बाप्पा, आमच्या पैशानं
चार वर्षं काहीच नाही शोधून राहिले तुम्ही?
माझ्या गल्लीतली गडर मार्चपासून उघडी आहे,
तिला झाकण नाही,
अन् तुमच्या कुपीला मात्र बूच आहे, नंबरासकट!'

ती हसली नाही. रागावलीही नाही.
'झाकण पाहिजेच,' म्हणाली, 'ते मागा.
पण माझं बूच तिथं बसणार नाही.'

मला पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.
पैसा एकच असते, खिसे तेवढे बदलतात.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.
माझा वर्षाचा कर, देशाचा खर्च,
त्यातला विज्ञानाचा, त्यातला तिच्या खोलीचा.
पॉइंटच्या पुढे शून्यांवर शून्यं आली
अन् पडदाच भरला.
एका बुचाचा कणही
माझ्या वाट्याला आला नाही.
मग ती खोली झाडणाऱ्या यमुनाबाई उइके आठवल्या,
कुपीची खोकी न्यायला एकदा दुकानात आलेल्या.
आयकराचा फॉर्म त्यांनी कधी पाहिला नसेल,
पण साबणाच्या वडीवर, काडीपेटीवर
रोज भरतात, पावती न घेता.
त्यांचाही असेल एखादा कण त्या बुचात.
त्या नाही विचारत, काय सापडलं म्हणून.
त्या म्हणत असतील, पाय उचला मॅडम.

झोप लागेना. ते वीस रुपये डोक्यात फिरत होते.
धंदा झाला नाही याचा दंड नाही,
झाला नाही हे न कळवण्याचा आहे.
'इथं नाही' हेसुद्धा कोणीतरी
भरल्याशिवाय वहीत येत नाही,
अन् नाही आलं तर
पुढचा माणूस पुन्हा त्याच गच्चीवर चढते,
तीच खपली खरवडते,
यमुनाबाईच्याच साबणावर.

आज ती परत आली.
खपलीचं झालं म्हणे, आता तळाचा कोपरा,
जिथं पत्रा दुमडतो.
त्यासाठी जुना टब कापावा लागेल.
'फुकट न्या,' मी म्हटलं.
'फुकट चालत नाही, बिल लागते. जीएसटीचं.'

फाडलं बिल.
माझ्याच करातून आलेल्या पैशावर
मीच अठरा टक्के कर लावला.
या महिन्याचं रिटर्न काही निल राहिलं नाही.
गोलूनं टब स्कूटीला बांधून दिला, सुतळीचे चार वेढे.
ती गेली,
उघड्या गडरीला वळसा घालून.